गंगीचा तिसरा बॉक्स

तासगावात आमच्या गल्लीच्या तोंडाला बेदाण्याचं गोडाऊन आहे. तिथल्या काट्यावर दिवसभर पंधरा-पंधरा किलोचे बॉक्स चढतात आणि उतरतात. नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी त्या काट्यावर मी आणि नवऱ्यानं एक कुत्री उभी केली. हात सोडले तशी ती मटकन खाली बसली. बसली तरी वजन तेवढंच भरणार, म्हणून आम्ही बसू दिलं. गोडाऊनचे काका चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचत म्हणाले, "एकतीस चारशे. म्हणजे दोन बॉक्स आणि वर थोडं. वहिनी, एवढ्या उंच जनावराचं एवढंच?"

तेवढंच होतं. ग्रेट डेन जातीची मादी साधारण ४५ ते ५९ किलोची असते. (नावात डेन असलं तरी ही जात जर्मनांची. गल्लीतल्या पोरांच्या मते मात्र ते घोड्याचं शिंगरू होतं.) आदल्या संध्याकाळी सांगलीहून येताना एका धाब्यामागच्या उकिरड्यावर ती दिसली. बदामी रंग, माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना खुंट्या वर आलेल्या, बरगड्या लांबून मोजाव्यात अशा. सड लोंबत होते, म्हणजे बऱ्याच वेळा पिल्लं काढून घेतलेली. गाडीचं दार उघडलं तर ती आपण होऊन चढली. मला आजही वाटतं, निर्णय तिनं घेतला, आम्ही फक्त दार उघडलं.

मालक शोधायचा प्रयत्न केला. चार ठिकाणी विचारलं, फोटो फिरवला, कुणी आलं नाही. जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, पण पहिल्यांदा सापडलेल्याला दंड १० ते ५० रुपये. आमच्याकडे त्यात डझनभर अंडीही येत नाहीत. तो विषय मी तिथंच सोडला, कारण घरात त्यापेक्षा मोठा विषय उभा होता: हिला खायला किती घालायचं.

सांगलीच्या डॉक्टर मॅडमनी त्याच रात्री एक्स-रे काढला, रक्त घेतलं, सलाईन लावलं आणि बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. पोटात काहीतरी होतं, पण अडकलेलं नव्हतं. पुढच्या दोन दिवसांत त्यातून दुधाच्या पिशवीचे तुकडे आणि गुटख्याच्या दोन पुड्या बाहेर पडल्या. त्यांच्या दवाखान्यातल्या काट्यावर ती मावेना, म्हणून त्या म्हणाल्या, "कुठूनही नेमकं वजन आणा. औषध, जेवण, सगळं त्यावर आहे." रविवारी मी फोनवर ३१.४ सांगितलं. त्यांनी पलीकडे गणित केलं. या वजनाच्या कुत्र्याला नुसतं पडून श्वास घ्यायला दिवसाला साधारण ९२५ कॅलरी लागतात. "पहिल्या दिवशी त्याच्या पाव हिस्सा. सहा वेळा विभागून."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पाव हिस्सा म्हणजे सुमारे २३० कॅलरी, म्हणजे साधारण १०० ग्रॅम उकडलेलं चिकन आणि ५० ग्रॅम भात, तेही अख्ख्या दिवसात. एका वेळचं जेवण माझ्या तळहातावर लिंबाएवढं. समोर घमेल्याएवढं डोकं. ती ते एका श्वासात आत घ्यायची आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायची. भुंकणं नाही, मागणं नाही. मागितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

हे असं का, ते मॅडमनी समजावलं होतं. फार दिवस उपाशी राहिलेलं शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून चालतं. त्यात एकदम भरपूर अन्न पडलं, विशेषतः भात-भाकरीसारखं पिठाळ, की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. आधीच साठा संपलेला, त्यात रक्तातलंही गेलं, की हृदय आणि श्वास थांबू शकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हेच पाहिलं होतं, पोटभर जेवण मिळाल्यावर मेलेली माणसं. म्हणून चिकन जास्त, भात कमी, आणि दर दोन दिवसांनी रक्त तपासायचं.

मला पटलं. पण घरात सासूबाई होत्या.

सासूबाई जत तालुक्यातल्या. कुत्र्याला घरात घ्यायला त्यांचा विरोध होता तो पहिल्या दिवशीच संपला. माहेरच्या म्हशीचं नाव त्यांनीच तिला ठेवलं, गंगी. आणि एकदा नाव ठेवल्यावर तिला लिंबाएवढा घास देणारी सून त्यांना बघवेना. "दारात आलेल्या जिवाला असं मोजून घालतात व्हय? पाप लागतंय." मी इन्सुलिन सांगितलं, फॉस्फरस सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि तिसऱ्या रात्री आम्ही झोपल्यावर दोन ज्वारीच्या भाकरी दुधात कुस्करून तिच्यासमोर ठेवल्या.

पहाटे चारला वासानं जाग आली. पडवीभर जुलाब, आणि गंगीला उठताच येत नव्हतं. मान उचलायची, पुन्हा टाकायची. सांगलीला नेईपर्यंत मी गाडीत एक शब्द बोलले नाही. रक्तात फॉस्फरस उतरलेलं निघालं. शिरेतून द्यावं लागलं, दिवसभर तिथं ठेवून घेतलं. मॅडम म्हणाल्या की हे कदाचित भाकरीशिवायही झालं असतं, म्हणूनच तर तपासत होतो. मी ते वाक्य घरी जसंच्या तसं सांगितलं, कारण सासूबाई सकाळपासून देवघरासमोरून उठल्या नव्हत्या.

त्या रात्री त्याच बोलल्या. ७२ च्या दुष्काळात त्या आठ-नऊ वर्षांच्या. वडील खडी फोडायला जायचे, कामावर सुकडी, म्हणजे कोरडा खाऊ, मिळायची, घरात लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी. त्यांचा एक चुलता किती दिवसांनी कुठून तरी चालत घरी आला, नुसता सापळा. बायकांनी त्याला ताट वाढलं, तर आजीनं ते ताट ओढून घेतलं आणि वाटीभर पेज दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेज. तो रडला, शिव्या दिल्या, आजी हलली नाही. "मला तवा आजीचा लई राग आलेला," सासूबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "उद्यापासनं मी मोजीन."

आणि त्यांनीच मोजलं. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर, ग्रॅमला ग्रॅम. माझा हात सैल पडायचा, त्यांचा कधीच नाही. पाचव्या दिवशीपासून पुन्हा हळूहळू वाढवत बाराव्या दिवशी आम्ही पूर्ण ९२५ वर आलो. त्या दोन आठवड्यांत वजन वाढलं नाहीच, उलट काट्यावर ३१.१ आलं. काकांनी वहीत लिहिलं आणि मान हलवली.

दरम्यान रक्ताचा बाकीचा अहवाल आला होता. हिमोग्लोबिन ६.८, प्लेटलेट ६२ हजार, गोचीडताप. तिच्या कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत मी पहिल्याच दिवशी चाळीसेक गोचीड काढले होते, त्यामुळे नवल वाटलं नाही. २८ दिवस डॉक्सिसायक्लीन, रोज ३०० मिलिग्रॅम. ही गोळी रिकाम्या पोटी दिली की ओकारी होते आणि दूध-दह्याबरोबर दिली की नीट लागू पडत नाही, म्हणून घासाच्या मधोमध लपवायची. विष्ठेत हुकवर्म जातीचे जंत निघाले, आतड्याला चिकटून रक्त पिणारे. ती थोडी सावरल्यावर तीन दिवस जंताचं औषध, तीन आठवड्यांनी पुन्हा. लसी त्यानंतर. माझा आग्रह होता की सगळं एकदम करून टाकू. मॅडम म्हणायच्या, "एका वेळी एकच भांडण."

शेजारपाजारचे सल्ले वेगळंच प्रकरण. कुणी म्हणालं तूप पाजा, कुणी मटणाची हाडं. शिजवलेली हाडं फुटून आतडं फाडतात. सगळ्यात धोकादायक सल्ला सगळ्यात प्रेमानं आला, आणि तो तासगावातच येऊ शकतो. काकांनी स्वतःच्या गोडाऊनमधला उत्तम हिरवा बेदाणा किलोभर आणून दिला. "रातीला भिजवून घाला, रक्त वाढतंय." माणसाला वाढत असेल. कुत्र्याला द्राक्ष आणि बेदाणा विष आहे, मूत्रपिंड बंद पडतात, आणि किती खाल्ल्यावर पडतील याचा भरवसा नाही. हे सांगितल्यावर काकांचा चेहरा उतरला. अख्खं आयुष्य त्यांनी बेदाणा विकला, कुणी त्याला विष म्हटलं नव्हतं. पण दुसऱ्या रविवारपासून आम्ही यायच्या आधी ते काट्याभोवतीची जमीन स्वतः झाडून ठेवायला लागले. मी तरी गंगीला मुसकं घालूनच न्यायची.

डिसेंबरात थंडी पडली आणि नवीन अडचण कळली. अंगावर चरबीच नाही तर ऊब कुठून येणार? ती रात्रभर थरथरायची, आणि थरथरण्यात आम्ही दिवसभर मोजून घातलेलं जळून जायचं. कोपरांना घट्टे पडून त्यातला एक चिघळला, कारण एवढ्या उंचीचं हाड फरशीवर आपटतं. सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची एक जाड गोधडी तिच्याखाली घातली आणि दुसरी, बंद लावलेली, तिच्या अंगावर. शिवणयंत्रावर बसून म्हणाल्या, "घोड्याची झूल पण अशीच असत्या." गोधडी आल्यावरच काटा खरा हलला. डिसेंबरअखेर ३५, जानेवारीअखेर ३८.५.

तोवर तिला दिवसाला दोन हजार कॅलरींच्या वर जात होतं. चार वेळा जेवण, चिकन, भात, अंडी, भोपळा, हळूहळू तयार खाद्यही. महिन्याचा खर्च नऊ-दहा हजार. हे लिहिते, कारण मोठं कुत्रं प्रेमानं वाढतं असं म्हणणाऱ्यांनी किराणा भरलेला नसतो. चार वेळा विभागण्याचं कारण आता वेगळं होतं. या जातीत जठर फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका सगळ्यात जास्त, आणि तो पडला तर हातात दिवस नसतो, काही तास असतात. हडकुळी, घाईनं गिळणारी, एकाच वेळी भरपूर खाणारी कुत्री त्यात जास्त सापडतात, म्हणजे गंगी तिन्हींत बसत होती. सगळे सांगतात ताट स्टुलावर ठेवा. आम्हीही ठेवलं होतं. मॅडमनी काढायला लावलं. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात, २००० साली, उंच ठेवलेल्या ताटानं धोका वाढलेलाच दिसला होता. मग आम्ही मोठ्या परातीत मधोमध गुळगुळीत वरवंटा ठेवून त्याच्याभोवती अन्न पसरायला लागलो. वरवंट्याभोवती जीभ फिरवता फिरवता घास लहान होतो. खाण्याआधी आणि नंतर तासभर फिरणं बंद.

फेब्रुवारीत एका रात्री ती ओकायचा प्रयत्न करायला लागली आणि काहीच बाहेर पडेना. हीच त्याची खूण. नवरा अनवाणी गाडी काढायला धावला, मी पोटावर टिचकी मारून बघतेय ढोलासारखं वाजतंय का, आणि तेवढ्यात गंगीनं माझ्या पायावर मूठभर हरळी ओकली आणि शेपूट हलवली. आम्ही तिघं पायरीवर बसून राहिलो.

फिरणं पाच मिनिटांपासून सुरू केलं होतं. मागचे पाय गल्लीच्या वळणापर्यंतच साथ द्यायचे. मार्चपर्यंत ती गणपती मंदिराच्या गोपुरापर्यंत जाऊन यायला लागली. पुण्यात हृदयाची सोनोग्राफी करून घेतली, कारण डेनमध्ये हृदय पसरण्याचा आजार बराच दिसतो. ते नीट निघालं. गर्भाशय काढताना त्याच भुलीत जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून बांधून टाकायचं ठरलं आहे, म्हणजे पीळ पडायला नको. ते पुढच्या महिन्यात.

एप्रिलमध्ये बेदाण्याचा हंगाम भरात असतो. रविवारीही गोडाऊनमध्ये हमालांची रांग, काट्याला उसंत नाही. काकांनी आम्हाला बघून हात वर केला आणि काटा मोकळा करायला लावला. गंगी आता स्वतः चढते, चारी पाय आत घेऊन समोर बघत उभी राहते. आकडा ४५.२ वर थांबला. काकांना पटेना. त्यांनी तिला खाली उतरवलं, भरलेले तीन बॉक्स एकावर एक चढवले, आकडा बघितला, उतरवले, पुन्हा तिला चढवलं. मग हमालांकडे वळून म्हणाले, "तीन बॉक्स. पुरे."

मॅडमना मी फोन लावला. त्या म्हणाल्या, अजून तीन-चार किलो, मग थांबायचं. या सांध्यांवर जास्तीचं वजन नको, बरगडी हाताला लागली पाहिजे. सासूबाई शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर विचारलं, "मग भाकरी?"

"थोडी चालेल म्हणाल्या."

त्यांनी पदराखालून चतकोर भाकरी काढली. सकाळी घरनं निघतानाच घेतली असणार. तिचे चार तुकडे केले, एक-एक करून गंगीच्या तोंडात दिले, आणि हात झटकून काकांना म्हणाल्या, "लिवा वहीत. चतकोर."