आमची वाटचाल : छोट्या वाघिणींतला माल

मॉडेल रेल्वेच्या मालगाड्यांसाठी कोळसा, खनिज, लाकूड, पाइप आणि भंगार यांचे हुबेहूब लोड तयार करणे, एवढाच आमचा व्यवसाय आहे. आम्ही इंजिने बनवत नाही, डबेही बनवत नाही. इतरांनी बनवलेल्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, भरून देतो. या छंदात इंजिनावर जीव ओवाळून टाकणारे पुष्कळ असतात, पण वाघिणीत काय भरले आहे याकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि मग सुरेख रंगवलेली गाडी काळ्या प्लॅस्टिकचे गुळगुळीत झाकण मिरवत फिरते. त्या झाकणाच्या जागी कोळसा कोळशासारखा दिसावा, एवढ्याच हौसेतून हे काम सुरू झाले; आधी स्वतःच्या लेआउटपुरते, म्हणजे घरी मांडलेल्या छोट्या रेल्वेपुरते, मग ओळखीच्या हौशी मंडळींसाठी आणि मागणी वाढत गेल्यावर रीतसर व्यवसाय म्हणून.

पहिला माल अर्थातच कोळसा होता आणि आजही सर्वाधिक मागणी त्यालाच आहे. आम्ही खरा दगडी कोळसा कुटतो, धुऊन त्याची धूळ काढतो आणि वेगवेगळ्या जाळीच्या चाळण्यांतून चाळतो. एचओ प्रमाणात प्रत्येक वस्तू मूळ आकाराच्या ८७ व्या भागाएवढी असते, त्यामुळे ५० मिलिमीटरचा खडा तेथे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा असायला हवा. १:१६० च्या एन प्रमाणात तोच खडा ०.३ मिलिमीटरचा होतो. दोन्ही प्रमाणांना एकच भुकटी वापरली की एन प्रमाणातील वाघीण कोळशाऐवजी शिळांनी भरलेली वाटते.

मात्र आमच्या मते कणांपेक्षा ढिगाचा आकार अधिक महत्त्वाचा आहे, कारण वाघीण कशी भरली गेली हे त्या आकारावरूनच कळते. थांबून थांबून भरलेल्या वाघिणीत कोळशाचे वेगळे उंचवटे राहतात. गाडी सावकाश पुढे सरकत असताना वरच्या कोठीतून सलग भरलेल्या वाघिणीत माथा लांबवर एकसारखा येतो. शिवाय प्रवासात बसणाऱ्या हादऱ्यांनी माल खाली बसतो आणि टोकदार शिखरे बोथट होतात. हा आकार नुसती भुकटी ओतून साधत नाही, म्हणून आम्ही आधी घट्ट फोमचा गाभा तासून घेतो, त्याला काळा रंग देतो, मग त्यावर कोळशाचा पातळ थर पसरून पाणी घातलेला पांढरा गोंद ड्रॉपरने थेंब थेंब सोडतो. गोंदात भांडी घासण्याच्या साबणाचा एखादा थेंब असला की तो कणांवर गोळा होऊन न राहता आत झिरपतो.

लोहखनिजाच्या बाबतीत ग्राहकांशी आमचा नेहमी वाद होतो, आणि तो आम्ही आनंदाने घालतो. वाघीण काठोकाठ भरलेली दिसावी, असा बहुतेकांचा आग्रह असतो. परंतु एक घनमीटर कोळसा साधारण ८०० ते ९०० किलो भरतो, तर तेवढ्याच लोहखनिजाचे वजन दोन टनांहून अधिक होते. म्हणजे कोळशाच्या वाघिणीत खनिज भरायचे झाल्यास वजनाची मर्यादा ती अर्धी भरण्यापूर्वीच गाठली जाते. म्हणून अशा वाघिणीसाठी आम्ही दोन्ही बोगींच्या, म्हणजे टोकांखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या, वर बसणारे दोन बुटके ढीग करून देतो. वाघीण अर्धी रिकामी दिसते, पण खरी दिसते.

पुढे लेआउटवर प्रत्यक्ष वाहतूक चालवणाऱ्यांची मागणी आली : खाणीकडून भरलेली गाडी निघावी आणि वीजकेंद्राकडून रिकामी परतावी. त्यासाठी लोड काढता येणे आवश्यक होते. आता प्रत्येक लोडच्या गाभ्यात कोळशाच्या थराखाली पोलादी वॉशर असतो, आणि वरून चुंबक धरला की लोड अलगद उचलला जातो. वजनाचा हिशोबही सांभाळावा लागतो. १९३५ साली स्थापन झालेल्या अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीनुसार एचओ डब्याचे वजन १ औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस असावे. सहा इंची डब्याला ४ औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम. रिकामी वाघीण बहुधा याहून हलकी असते, पण तिचे वजन लोडने भरून काढले तर रिकाम्या फेरीत ती रुळावरून घसरू शकते; म्हणून जादा वजन वाघिणीच्या तळाशीच लपवावे, असे आम्ही सुचवतो.

लाकडाचे ओंडके आणि पोलादी कॉइल तुलनेने सोपे गेले. पाइपने मात्र बराच वेळ घेतला. १० मिलिमीटर जाडीची कड एचओमध्ये ०.१२ मिलिमीटरहूनही पातळ होते, आणि बाजारातल्या प्लॅस्टिक नळ्या त्याहून कितीतरी जाड असतात. उपाय असा, की नळीचे तोंड आतून शंकूच्या आकारात तासायचे. नजर टोकावरच थांबते, आतली जाडी कोणी पाहत नाही.

मागणी वाढल्यावर आम्ही काही लोड सिलिकॉनच्या साच्यात रेझिन ओतून करू लागलो, पण कोळशाचा वरचा थर आजही हातानेच लावला जातो. भंगाराच्या लोडमध्ये लेथवरचा लोखंडी कीस घालावा, असे अनेक जण सुचवतात. तो दिसतो झकास. परंतु इंजिनाच्या मोटारीतील चुंबक त्याला ओढून घेतो आणि रुळांवर पडल्यास शॉर्ट सर्किटही होते. त्यामुळे आमचे भंगार कागद आणि प्लॅस्टिकचे असते, गंजाचा रंग दिलेले, आणि पुढेही तसेच राहील.