बंबाखाली विटांची रॉकेट चूल: कमी लाकडात आंघोळीचं पाणी

आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब उष्णता घेण्यात फार तरबेज. मधून जाळाची नळी आणि तिच्याभोवती चहूकडून पाणी. चुलीवरच्या हंड्याचं फक्त बूड तापतं. बंबात मात्र जाळ जिथे जिथे लागतो तिथे पलीकडे पाणी असतंच. तरीही बंब धुरकटतो, नळीत काळा चिकट थर धरतो आणि लाकूडही बरंच खातो. याचं कारण त्याच गुणात आहे. पाण्याला लागून असलेलं तांबं १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. लाकडातून निघणारे वायू पुरते जळायला मात्र ६०० अंशांच्या वर तापमान, हवेची मिसळ आणि थोडा अवधी लागतो. ज्योत थंड भिंतीला टेकली की विझते आणि न जळलेला वायू धूर होऊन निघून जातो. म्हणजे पैसे देऊन आणलेलं सरपण आपण धुराड्यातून सोडून देतो.

म्हणून जाळणं आणि पाण्याला उष्णता देणं ही दोन कामं वेगवेगळ्या जागी करायची. खाली हलक्या, उष्णतारोधक विटांच्या अरुंद बोगद्यात लाकूड पूर्ण जाळायचं आणि तो स्वच्छ, तापलेला झोत बंबाच्या नळीत सोडायचा. रॉकेट चुलीचं हे तत्त्व लॅरी विनियार्स्की यांनी १९८२ च्या सुमारास अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये मांडलं. आपल्या बंबाला ते इतकं चपखल बसतं की नवीन बंब घेण्याआधी जुन्याखाली ही चूल करून बघावी असं माझं ठाम मत आहे.

आधी हिशेब. ४० लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे ४.२ मेगाज्यूल उष्णता लागते. विजेच्या भाषेत १.१६ युनिट. १ किलो वाळलेल्या लाकडात साधारण १५ मेगाज्यूल असतात. सगळी उष्णता पाण्यात गेली तर २८० ग्रॅम लाकूड पुरेल. तीन दगडांच्या उघड्या चुलीत जेमतेम १० ते १५ टक्के उष्णता पाण्याला मिळते, म्हणजे दोन-अडीच किलो लाकूड. नीट बांधलेल्या रॉकेट चुलीने ३५ टक्के गाठले तर तेच काम ८०० ग्रॅममध्ये होतं.

बांधायला घेण्याआधी बंबाच्या नळीचा आतला व्यास मोजा. सगळी मापं त्यावर ठरतात. सरपणाचं तोंड, आतला बोगदा आणि बंबाची नळी यांचं क्षेत्रफळ जवळजवळ सारखं हवं. कुठेही अरुंद झालं की ओढ, म्हणजे हवा आत खेचून धूर वर नेणारा प्रवाह, तुटते आणि धूर तोंडातून बाहेर येतो. ५ इंची नळीचं क्षेत्रफळ १२७ चौरस सेंटिमीटर भरतं. तिला ११.५ × ११.५ सेंटिमीटरचा चौकोनी बोगदा चालतो. ४ इंची नळीचं क्षेत्रफळ ८१ चौरस सेंटिमीटर, म्हणून तिच्याखाली ९ × ९ चा बोगदा करा. मोठी चूल म्हणजे जास्त आच असं समजून ४ इंची नळीखाली मोठा बोगदा केला तर धुराशिवाय हाती काही लागत नाही.

आता विटा. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. दुकानात ‘फायर ब्रिक’ मागितली तर भट्टीची जड वीट मिळते. ती आच सोसते, पण उष्णता पिऊन घेते. आपल्याला हवी ‘इन्सुलेशन ब्रिक’. माप दोन्हींचं एकच, २३० × ११५ × ७५ मिलिमीटर, त्यामुळे हातात घेऊन वजन बघा. जड वीट साडेतीन-चार किलोची असते, हलकी दीड-दोन किलोची. हलकी वीट जुन्या हॅक्सॉ ब्लेडने पावासारखी कापली जाते आणि नखाने खरवडली तर भुगा निघतो. साध्या लाल विटा का नकोत? २४ लाल विटा म्हणजे ७० किलोच्या आसपास माती. ती सरासरी १०० अंशांनी तापवायला जवळपास ६ मेगाज्यूल लागतात, म्हणजे पाण्याला लागतात त्याहून जास्त. दिवसभर पेटणाऱ्या भट्टीत हे चालून जातं. अर्धा तास पेटणाऱ्या चुलीत चालत नाही.

५ इंची नळीसाठी २४ विटा लागतात, तुटफूट धरून २६ आणा. चार विटा भिंगरीसारख्या मांडायच्या: प्रत्येकीचं टोक पुढचीच्या कुशीला. बाहेरून ३४५ मिलिमीटरचा चौकोन होतो आणि मधोमध आपोआप ११५ चा चौकोनी खड्डा राहतो. सगळ्यात खालच्या थरात हा खड्डा अर्ध्या विटेने बुजवा, तोच चुलीचा तळ. त्यावरच्या दोन थरांत समोरची वीट अख्खी न लावता कोपऱ्यात अर्धी लावा, म्हणजे ११५ रुंद आणि १५० उंच तोंड तयार होतं. मग तीन अख्खे थर. प्रत्येक थराची भिंगरी आधीच्या थराच्या उलट फिरवा, म्हणजे सांधे एकावर एक येत नाहीत. तोंडावरच्या विटेला एका बाजूला आधार राहत नाही. तिच्याखाली बाहेरच्या कडेला २५ × ५ मिलिमीटरची, ९-१० इंच लांब लोखंडी पट्टी सरकवा. ४ इंची नळीसाठी प्रत्येक अख्खी वीट लांबीत २५ मिलिमीटर कापायची, की बोगदा बरोबर ९० चा होतो. तळ बुजवणारी अर्धी वीट ९० च्या चौकोनात कापा, तोंडाच्या कोपऱ्यातल्या अर्ध्या विटा मात्र ११५ च्याच ठेवा.

सांध्यांना सिमेंट अजिबात नको. ४००-५०० अंशांना ते कुजतं आणि भुगा होऊन गळतं. चाळलेली चिकणमाती आणि तितकीच बारीक राख पाण्यात सरबरीत कालवून २-३ मिलिमीटरचा पातळ थर पुरतो. तळाचा थर धरून सगळी उंची ४५ सेंटिमीटर होते. २०० लिटरचं जुनं पिंप तेवढ्याच उंचीवर कापलं तर त्यात हा चौकोन आरामात बसतो. तोंडासमोर पिंपाला खिडकी पाडा आणि भोवतालची पोकळी भाताच्या तुसाच्या राखेने किंवा चाळलेल्या लाकडी राखेने भरा. वाळू किंवा माती भरू नका, ती उष्णता ओढते. पिंप तेलाचं किंवा रसायनाचं असेल तर कापण्याआधी आतून पूर्ण धुऊन घ्या. बंद पिंपात उरलेली वाफ ठिणगीने पेट घेते. आतल्या बाजूला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा कुठेही वापरू नका. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि त्याचा धूर बाधतो.

तोंडात सरपणाची फळी लागते: ३ मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा, ११० रुंद, २०० लांब, तळापासून ४ सेंटिमीटर उंचीवर. काटक्या फळीवर ठेवायच्या आणि हवा फळीखालून आत जायची. ही हवा तापत तापत निखाऱ्यांच्या खालून वर येते, त्यामुळे निखारे फुलतात. फळी नसेल तर काटक्या तळावर पडतात, हवेची वाट बंद होते आणि कोळसा साचत जातो. फळी बोगद्याच्या तोंडाशीच संपवा, उभ्या भागाखाली, म्हणजे मधल्या चौकोनी खड्ड्यात, जाऊ देऊ नका. वर्षभरात ती जळून पातळ होते, तेव्हा बदलायची सोय ठेवा.

बंबाची जुनी जाळी काढून टाका आणि बंब चुलीवर न टेकवता लोखंडी तिवईवर ठेवा. भरलेल्या बंबाचं वजन ५० किलोच्या घरात जातं आणि हलक्या विटांच्या कडा त्याखाली झडतात. बोगद्याचं वरचं तोंड आणि नळीचं खालचं तोंड यांत फट राहिली तर तिथून थंड हवा आत शिरते. राख-मातीच्या जाड वळीने ती फट लिंपून घ्या. नळीच्या वर त्याच व्यासाचं मीटरभर धुराडं चढवलं की ओढ चांगली लागते.

सरपण अंगठ्याएवढं जाड आणि कडकडीत वाळलेलं हवं. विदर्भात तुराट्या, पऱ्हाट्या, कोकणात करवंट्या आणि झावळ्यांचे दांडे, देशावर सुबाभळीच्या फांद्या, सगळं चालतं. कापसाची पऱ्हाटी शेतात जाळून टाकण्याऐवजी इथे वापरली तर हिवाळ्याचं पाणी जवळजवळ फुकटात तापतं. लाकूड मोडताना कट्टकन वाजलं पाहिजे. पेटल्यावर मागच्या टोकातून फेस आला तर ते ओलं आहे. पेटवताना कागद आणि बारीक काटक्या फळीपलीकडे उभ्या भागाच्या तळाशी ठेवा. तोंडाशी पेटवलं तर जाळ उलटा बाहेर येतो. मग तीन-चार काटक्या पुरे. फक्त त्यांची टोकं जळली पाहिजेत. जळतील तशा आत सरकवा. जास्त आच हवी तर एक काटकी वाढवा, पण तोंडाचा वरचा भाग कधी ठासून भरू नका.

पहिल्या तीन-चार मिनिटांनंतरही धूर दिसत असेल तर आधी सरपण कमी करून बघा. मग लाकडाचा ओलावा, मग फटी, मग नळीतली काजळी. बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर उत्तर सापडतं. सुरुवातीला बंबाखालून पाणी ठिबकलं तर बंब गळतोय असं समजून लगेच कासाराकडे नेऊ नका. १ किलो कोरडं लाकूड जळताना अर्धा किलोच्या आसपास पाण्याची वाफ तयार होते आणि ती थंड तांब्यावर धरते. पाणी ५०-५५ अंशांच्या वर गेलं की ठिबकणं थांबतं. तरीही थांबलं नाही, तर मात्र झाळण तपासून घ्या.

धुराड्यातून बाहेर पडणारा वायू २५० अंशांहून गरम असेल तर उष्णता वाया जाते आहे. नळीत ४ सेंटिमीटर रुंदीची पीळ दिलेली लोखंडी पट्टी वरून टांगा. मधोमध सरळ निघून जाणारा झोत त्यामुळे कडेच्या तांब्याला घासून जातो. ओढ मंदावून तोंडातून धूर आला तर पट्टी अरुंद करा. नळी आठवड्याला काथ्याच्या ब्रशने झाडा.

बंब नसेल तर याच चुलीवर पातेलं ठेवता येतं. पातेल्याचं बूड आणि विटा यांत मध्यभागी ३ सेंटिमीटर अंतर ठेवा. ३५ सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्याभोवती पत्र्याचं कडं बसवा, दोन्हींमध्ये सव्वा सेंटिमीटर फट आणि उंची १५-२० सेंटिमीटर. कडं नसलेली चूल अर्धवट समजा.

चूल परसात किंवा उघड्या पडवीत बांधा, बंद न्हाणीघरात कधीही नको. धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. बंबाचं झाकण घट्ट आवळू नका, वाफेला वाट हवीच. पाणी भरल्याशिवाय पेटवू नका: कथील २३२ अंशांना वितळतं आणि कोरड्या बंबाची कल्हई व कथलाची झाळण या जाळात टिकत नाही.

चूल कितपत चांगली झाली हे घरच्या घरी मोजता येतं. पाण्याचे लिटर गुणिले तापमानातली वाढ गुणिले ४.२, भागिले (जळलेल्या लाकडाचे किलो गुणिले १५,०००). उरलेला कोळसा वजनातून वजा करू नका, हिशेब थोडा कडक राहिलेला बरा. ०.२५ च्या खाली उत्तर आलं तर फटी आणि मापं पुन्हा तपासा. नैसर्गिक ओढीच्या चुलींसाठी भारतीय मानकाने किमान २५ टक्केच धरले आहेत.

पावसाळ्यात पिंपावर पत्रा झाका. हलक्या विटा आणि राख पाणी शोषतात आणि ओल्या चुलीवर एकदम मोठा जाळ केला तर आतली वाफ विटा तडकवते. भिजलीच तर दोन-तीन दिवस रोज दहा-पंधरा मिनिटं एका-दोन काटक्यांचा मंद जाळ करा, पिंपाच्या कडेने वाफ यायची थांबली की नेहमीसारखी पेटवा.