आग तुमच्यापासून किती लांब होती?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ऑस्ट्रेलियात वणवे पेटल्याची बातमी आली की साताऱ्याहून, पुण्याहून फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: आग तुमच्यापासून किती लांब आहे? मी आकडा सांगते, तुम्ही "हां, मग बरं" म्हणता आणि बोलणं दुसरीकडे वळतं. २०१९च्या ३१ डिसेंबरला मालाकूटा गावातले लोक लालभडक आकाशाखाली समुद्राच्या कडेला अडकून पडले होते, तेव्हाही मी "पाचशे किलोमीटर" म्हणाले होते. आकडा बरोबर होता. पण फोन ठेवला की मला दर वेळी ७ फेब्रुवारी २००९चा शनिवार आठवतो, व्हिक्टोरिया राज्यातल्या मोठ्या वणव्यांचा.

आम्ही तेव्हा मेलबर्नच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात भाड्याने राहत होतो. एसी नव्हता. आधीच्याच आठवड्यात सलग तीन दिवस पारा ४३च्या वर गेला होता. रूळ वाकले, गाड्या रद्द झाल्या, शेवटी वीजही गेली. (त्या उष्णतेच्या लाटेत राज्यात नेहमीपेक्षा ३७४ मृत्यू जास्त झाले, हे पुढे सरकारी अहवालात वाचलं. आगीने नेली त्याच्या दुपटीहून जास्त माणसं, बरीचशी पंचाहत्तरी उलटलेली. त्यांच्याबद्दल मला कधीच कुणी विचारलं नाही.) शुक्रवारी राज्याचे प्रीमियर (म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री) जॉन ब्रम्बी यांनी लोकांना बजावलं होतं, उद्या गरज नसेल तर घराबाहेर पडू नका.

आम्ही पडलो नाही. खिडक्यांवर ओल्या चादरी लावल्या. मुलगा चार वर्षांचा होता, त्याला दुपारभर टबातल्या पाण्यात बसवलं. दार जरा उघडलं तरी उत्तरेचा, आतल्या वाळवंटावरून येणारा वारा तोंडावर भट्टीसारखा येई. त्या दिवशी मेलबर्नमध्ये ४६.४ अंशांची नोंद झाली. रेडिओवर गावांची नावं सांगत होते. मी दहीभात कालवत होते आणि ती नावं कानावरून जात होती. मला खरंच भीती वाटली नव्हती. वणवा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर साताऱ्याचे डोंगर येत. फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री गच्चीवरून दिसणारी, डोंगराला माळ घातल्यासारखी आगीची ओळ. ती वाळक्या गवतातून सरकत जायची आणि सकाळी काळा पट्टा तेवढा उरायचा. निलगिरीचं रान कसं जळतं हे मला ठाऊक नव्हतं. त्या झाडांच्या सालीच्या ढलप्या पेटत्याच उडतात आणि आगीच्या कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडतात. आग दारात पोचायच्या आधीच घराच्या पन्हाळीत, व्हरांड्याखाली ठिणग्या पेट धरतात. निलगिरीचा वास म्हणजे माझ्यासाठी लहानपणची सर्दी आणि आईने दिलेली वाफ.

संध्याकाळी वारा फिरला. मेलबर्नचे लोक ज्याला 'कूल चेंज' म्हणतात तो, नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून येणारा. इथे उन्हाळ्यात सगळे त्याची वाट बघत असतात. बघता बघता हवा इतकी उतरली की अंगावर काटा आला. आम्ही सगळी दारं-खिडक्या उघडल्या. रस्त्यावरचे शेजारी आपापल्या अंगणात येऊन नुसते उभे होते, समोरच्या आजी हात पसरून. मी आल्याचा चहा टाकला. "सुटलो बाई," असं मी मोठ्याने म्हणाले. ते शब्द मला नीट आठवतात.

तो वारा काय करत होता, ते नंतर समजलं. सकाळी किलमोर ईस्टजवळ विजेची तार तुटून लागलेली आग दिवसभर वायव्येच्या वाऱ्याने आग्नेयेकडे पळत होती, जिभेसारखी लांब आणि अरुंद. दुपारी मुरिंडिंडीच्या लाकडाच्या गिरणीजवळ लागलेली दुसरी आगही तशीच. वारा नैर्ऋत्येचा झाला तशी त्या जिभेची ईशान्येकडची अख्खी बाजू आगीचं तोंड झाली. जी गावं बाजूला पडली म्हणून वाचली असं वाटत होतं, ती आता समोर आली. मेरीसव्हिल त्यांतलं एक. आधीच्या हिवाळ्यात आई-बाबा आले होते, तेव्हा बर्फ दाखवायला आम्ही त्यांना लेक माउंटनला नेलं होतं आणि परतताना मेरीसव्हिलमध्ये थांबलो होतो. दोन्ही बाजूंना मोठी झाडं असलेला एक रस्ता, तेवढंच गाव. बाबांना बेकरीतला 'पाय' (सारण भरून भाजलेला पदार्थ) आवडला होता. आम्ही चहा प्यायलो तो वारा तिथे पोचला आणि रात्र पडेपर्यंत त्या गावातली मोजकीच घरं उरली.

शनिवारी रात्री मृतांचा आकडा १४ होता. रविवारी तो दर काही तासांनी वाढत गेला. आईचा फोन आला तेव्हा तिनेही हेच विचारलं, किती लांब? जळालेल्या गावांतलं किंगलेक शहरापासून साठेक किलोमीटर, मेरीसव्हिल शंभरेक. "म्हणजे तुम्ही सुखरूप," ती म्हणाली. मेरीसव्हिल म्हणजे तेच बेकरीचं गाव, हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. सोमवारी मी डबा भरला, मुलाला पाळणाघरात सोडलं, ट्रेनने ऑफिसला गेले. माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई फोन समोर ठेवून काम करत होती. तिची बहीण त्या भागात राहायची. दुपारी बहिणीचा फोन लागला तेव्हा ती टेबलावर डोकं टेकून रडली, आणि मग तिने अर्धवट राहिलेली एक्सेलची शीट पूर्ण केली. मला तिचं ते काम करत राहणं तेव्हा विचित्र वाटलं नाही. मीही तेच करत होते.

जेमतेम अडीच महिन्यांपूर्वी, मुंबईवर हल्ला झाला तेव्हा, हीच बाई माझ्या टेबलापाशी येऊन विचारत होती, तुझे लोक बरे आहेत ना? मी म्हणाले होते, आम्ही साताऱ्याचे, मुंबईपासून अडीचशे किलोमीटर. हे सांगताना मला वाटलेली सुटका तिने ऐकली असेल.

पुढच्या आठवड्यांत आकडा दोनशेच्या वर गेला, मग अवशेषांची ओळख पटवताना कमी होत १७३वर थांबला. दोन हजारांहून जास्त घरं गेली. चौकशी आयोग बसला, २०१०मध्ये त्याचा अहवाल आला. इशारे उशिरा गेले, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. रेडिओवरची जी नावं मी दहीभात कालवताना ऐकली, ती ऐकण्यावर तिथल्या लोकांचा जीव टांगलेला होता.

आम्ही मेरीसव्हिलला पुन्हा गेलो ते दोन वर्षांनी. साध्या निलगिऱ्यांच्या काळ्या खोडांतूनच हिरवी पालवी फुटली होती. पण वरच्या डोंगरातल्या माउंटन ॲश नावाच्या निलगिरीला तसं जमत नाही. जगातल्या सर्वांत उंच झाडांपैकी ते एक, आणि मोठ्या आगीत ते मरतंच. मग त्याचं बी राखेत पडतं. राखाडी सांगाडे उभे होते आणि त्यांच्या पायाशी कमरेएवढी रोपं, इतकी दाट की पाय ठेवायला जागा नव्हती. मुलगा त्यांत शिरला आणि दिसेनासा झाला. मी घाबरून हाक मारली.

तो आता विशीत आहे. पारा चाळीसवर गेलेल्या दिवशी कूल चेंज आला की तोच घरभर धावत खिडक्या उघडतो. मी आधी फोनवर आगीचा नकाशा उघडते आणि ईशान्येकडची गावं एकेक करून बघते. मग चहा टाकते.