टाकीचं झाकण आणि फुस्स

आमची गाडी २००९ची, १०० सीसी, कार्बोरेटरवाली. गेले पंधरा दिवस तिचं एकच नाटक, सकाळी अर्ध्या किकमध्ये चालू, पण सात-आठ किलोमीटर झाले की आचके द्यायला लागायची आणि भप्प करून बंद, मग कितीही किका मारा ढिम्म, आणि दहा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी परत चालू!

गॅरेजवाल्याने प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, पैसे घेतले. परत तेच. परवा पसरणी घाटात मधेच बंद पडली, प्लग काढून पाहिला तर कोरडा ठणठणीत, म्हणजे करंटचा नाही, पेट्रोलचाच प्रॉब्लेम. पण टाकी तर अर्धी भरलेली! सहज बघू म्हणून झाकण उघडलं तर फुस्सss करून हवा आत गेली. तिथेच डोक्यात ट्यूब पेटली.

झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते मातीने बुजलं होतं. पेट्रोल खाली जाणार तेवढी हवा आत यायला पाहिजे ना, नाहीतर टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पेट्रोल उतरतच नाही. थांबलं की हळूहळू हवा शिरते, म्हणून परत चालू.

बायकोच्या ओढणीची टाचणी मागितली, भोक मोकळं केलं, फुंकर मारून बघितली. पाचगणीपर्यंत एकदाही बंद पडली नाही. टाचणी मात्र वाकडी झाली, त्यावरून अजून ऐकतोय.