काळविटाच्या जवळ जाण्याच्या रीती : तिसऱ्या हिवाळ्याची नोंद

भूम आणि परांडा यांच्या दरम्यानच्या माळावर काळविटांची छायाचित्रे काढण्याचा माझा हा तिसरा हिवाळा. पहिली दोन वर्षे मिळेल तसे, सुचेल तसे काम केले आणि चांगले छायाचित्र मिळाले की ते कोणत्या रीतीमुळे मिळाले याचा विचारच केला नाही. या वेळी कार्तिक संपल्यापासून महाशिवरात्रीपर्यंत बहुतेक रविवारी त्याच माळावर, शक्यतो त्याच कळपाकडे, दर खेपेला वेगळ्या रीतीने गेलो आणि वहीत दोनच गोष्टी लिहिल्या: किती पावलांवर असताना कळपाने माना वर केल्या, आणि मी जागेवर थांबल्यानंतर किती वेळाने त्या माना पुन्हा चरायला खाली गेल्या. पहिला आकडा मित्रांना सांगायला बरा असतो. मी भरवसा ठेवतो तो दुसऱ्यावर.

आपल्याकडे काळविटाला सर्रास हरीण म्हणतात आणि मीही तेच म्हणतो, पण चितळ-सांबरांची शिंगे दरवर्षी गळून नवी येतात, तशी काळविटाची गळत नाहीत. ती पोकळ असतात आणि जन्मभर टिकतात. शिकारीचे म्हणाल तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत हा प्राणी आहे आणि त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. तरीही माग काढण्याची विद्या जुन्या शिकाऱ्यांचीच आहे, आणि कॅमेरा घेऊन निघालेल्याला ती पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते.

सुरुवात पायी केली. वाऱ्याकडे तोंड ठेवून, तरवडाच्या झुडपांचा आडोसा घेत आणि शेवटचा टप्पा पोटावर सरपटत जाणे ही पुस्तकी रीत मी मार्गशीर्षात सलग चार रविवार करून पाहिली. कुसळांनी बाह्या भरून गेल्या, कोपरे सोलली, आणि चारही वेळा कळप दोनशे पावलांच्या आत येऊ न देता निघून गेला. काळविटाचा भरवसा नाकापेक्षा डोळ्यांवर अधिक असतो. मोकळ्या माळावर राहणाऱ्या प्राण्याला दुरून दिसणारा माणूस खपतो, मात्र दिसता दिसता नाहीसा होणारा आणि बुटका होत जाणारा माणूस त्याच्या लेखी लांडग्याच्या जातीचा ठरतो. हे मला एका वाक्यात समजावून दिले ते माळाला लागून ज्यांचा शाळू आहे त्या आबांनी. बांधावर बसून माझे सरपटणे पाहून झाल्यावर ते म्हणाले, "तुम्ही लपता म्हणूनच ते पळतंय. पायवाटेनं सरळ जावा की, कोण इचारतंय तुम्हाला!"

त्यानंतर मी उभ्यानेच चालू लागलो. थेट कळपाच्या दिशेने न जाता, शेतावर निघालेल्या माणसासारखे तिरके चालायचे, त्यांच्याकडे टक लावून पाहायचे नाही, मधूनच थांबून खाली वाकायचे आणि पुन्हा चालायचे. अंतर सव्वाशे पावलांवर आले आणि, मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, मी बसल्यावर माना पाचेक मिनिटांत खाली गेल्या. मात्र या रीतीला सकाळ पुरत नाही. नऊ वाजून गेले की तापू लागलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि सहाशे मिलिमीटरच्या भिंगातून काळविटाचे पाय पाण्यात उभे असल्यासारखे दिसतात. मृगजळ हा शब्द आपल्या भाषेने हरणाच्या नावाने ठेवला खरा, पण त्याने फसणारा मृग मी अजून पाहिलेला नाही. फसतो तो ऑटोफोकस.

फासेपारध्यांची जुनी रीत मी बरेच दिवस मनात घोळवत होतो. शिकवलेल्या बैलाच्या आडून चालत ते कळपाच्या जवळ जात आणि फास मांडत. आबांच्या थोरल्या बैलाची वेसण धरून, त्याच्या पलीकडच्या बाजूने, पौषातल्या एका सकाळी आम्ही दोघे निघालो. बैल चरत चरत पुढे सरकत होता आणि आम्ही त्याच्या खांद्यामागून पाहत होतो. साठ पावलांवर पोहोचलो तरी एकाही मादीने मान वर केली नव्हती. एक पाडस तर बैलाकडे चार पावले चालूनसुद्धा आले. मी भिंग बैलाच्या पाठीवर टेकवले, पहिले बटण दाबले, आणि त्या आवाजाने बैलानेच अंग झटकले. हाती लागलेल्या सात चित्रांपैकी सहांत बैलाचे वशिंड आहे. छायाचित्रणाची रीत म्हणून ती मी तिथेच सोडली, पण काळवीट कशाला भीत नाही हे त्या सकाळी जितके कळले तितके आधीच्या दोन वर्षांत कळले नव्हते.

वाहनाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चालती मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर कळपाच्या अंगवळणी पडलेला असतो. इंजिन बंद झाले की माना वर होतात. रस्त्याच्या कडेला गाडी हळूहळू थांबवून, इंजिन काही वेळ तसेच ठेवून खिडकीतून काम करणे सोयीचे आहे. गाडी माळावर घालणाऱ्यांशी मात्र माझे जमत नाही. उन्हाळ्यात टिटवी आणि धाविक याच उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि चाकाखाली गेलेले अंडे चालकाला कळतही नाही.

सर्वाधिक वेळ गेला तो लपणावर. पहिले लपण मी विकत आणलेल्या कोऱ्या हिरव्या कापडाचे केले आणि पिवळ्या पडलेल्या माळावर ते लग्नाच्या मांडवासारखे दिसले. वाऱ्याने त्याचे एक टोक फडफडू लागले तसा कळप त्या सकाळी माळ सोडून गेला. दुसरे केले ते तुराट्या आणि जुना कडबा यांचे, आबांच्या बांधालगत, आणि आठ दिवस ते रिकामेच ठेवले. जागा निवडली ती नराच्या लेंड्यांच्या ढिगावरून. आपला इलाखा राखणारा नर ठरावीक ठिकाणी पुन्हा पुन्हा येऊन लेंड्या टाकतो, त्यामुळे ताजा ढीग सापडला की त्याच्यामागे धावण्याचे कारण उरत नाही, तोच येतो. ढिगापासून चाळीस पावलांवर, उगवतीकडे पाठ करून, पहाटे साडेपाचच्या आत मी लपणात शिरत असे.

तिसऱ्या पहाटे तो आला. आधी ढीग हुंगला, पुढच्या खुराने दोनदा माती उकरली, मग मागचे पाय वाकवून बसल्यासारखा झाला. पाठीचा रंग अजून पुरता काळा झालेला नव्हता. मानेवर तपकिरी पट्टा होता आणि डाव्या शिंगाच्या दुसऱ्या पिळात वाळलेल्या चिखलाचे ढेकूळ अडकले होते. नंतर त्याने शेजारच्या गवताच्या काडीवर डोळ्याखालची ग्रंथी इतक्या हलक्या हाताने टेकवली, की काडी वाकलीसुद्धा नाही. माझ्या शटरच्या आवाजावर त्याचा एक कान वळला, मान नाही. अकरा मिनिटे तो तिथे होता.

पाझर तलावाकाठचे लपण मी दोनदा बसून सोडून दिले. चित्रे सोपी मिळतात, पण माघानंतर आसपासचे ओढे आटले की तेवढेच पाणी उरते, आणि तहानलेला कळप माझ्यामुळे काठावरून मागे फिरलेला मी पाहिला आहे.

एक चूक नोंदवलीच पाहिजे. माघात एका सकाळी मी उंच गवतात पडून होतो आणि शंभरेक पावलांवर एक मादी, न चरता, न पळता, माझ्या रोखाने पाहत उभी होती. ती मला सरावली असे समजून मी वीस मिनिटे खूश होतो. मग लक्षात आले की तिची नजर माझ्यावर नाही, माझ्या मागे आहे. वळून पाहिले तर सात-आठ पावलांवर गवतात पाडस मान जमिनीला लावून निपचित पडले होते. काळविटाची मादी पहिले काही दिवस पाडसाला असेच दडवून ठेवते आणि पाजण्यापुरती येते. मी तिची वाट अडवून बसलो होतो. पाडसाचे चित्र न काढता तिरका चालत निघून गेलो. बांधावर पोहोचून वळून पाहिले तेव्हा ती त्या जागेकडे निघाली होती. आता बसण्यापूर्वी आजूबाजूचे गवत डोळ्यांनी चाळून घेतो आणि एकटी उभी असलेली मादी दिसली की जागा बदलतो.

सध्या वहीत लपण आणि तिरके चालणे या दोनच रीती उरल्या आहेत. फाल्गुनात नरांच्या झुंजी पाहायच्या तर लपण ढिगाच्या दक्षिणेला हलवावे लागेल, कारण या नराच्या आणि शेजारच्या नराच्या इलाख्यांची सीव तिकडे आहे. आबांचा शाळू काढून झाला आहे. त्या कोपऱ्यातल्या चार पेंढ्या ते माझ्यासाठी ठेवणार आहेत, पण अट अशी घातली आहे की हरभरा खाताना कळपाचे एक चित्र काढून द्यायचे. नुकसानभरपाईच्या अर्जाला जोडायला त्यांना ते हवे आहे.