ॲम्ब्रोटाइप: काठ सुकण्याचा प्रश्न सुटला, आता पेटी-तबल्याच्या बाजू

ॲम्ब्रोटाइप म्हणजे काचेवर ओल्या कलोडियनच्या (ईथर-अल्कोहोलमधील चिकट द्रवाच्या) थरात घेतलेले, काळ्या पार्श्वभूमीवर पाहायचे छायाचित्र. मागील नोंदीत ज्याच्या डागाळणाऱ्या काठांविषयी लिहिले होते, ते माझ्या पुतणीचे व भाच्याचे पेटी-तबल्यासह छायाचित्र या आठवड्यात चारही काठांपर्यंत स्वच्छ उतरले.

अमळनेरच्या एप्रिलमधील कोरड्या हवेत कलोडियनमधील ईथर इतक्या झपाट्याने उडते की, काच सिल्व्हर बाथमध्ये (सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात) जाण्याआधीच आधी भिजलेला कोपरा वाजवीपेक्षा जास्त आळतो. पुढे पुतणीची बोटे पेटीच्या पट्ट्यांवर आणि भाच्याचे हात तबला-डग्ग्यावर स्थिरावेपर्यंत होल्डरमधील (कॅमेऱ्यात काच धरणाऱ्या चौकटीतील) काचेचे काठ सुकतात आणि तेथे चित्र उमटवणारा हिराकसाचा डेव्हलपर अडखळून करडे डाग सोडतो. उष्ण प्रदेशासाठी ईथर कमी व अल्कोहोल जास्त घ्यावे, हा एकोणिसाव्या शतकातील सल्ला पाळल्यावर कोपरा सुधारला, काठ मात्र हटेनात. अखेर लागू पडला तो काचेच्या पाठीमागे ठेवलेला ओला टीपकागद, आणि त्याच्या जोडीला मुलांची बैठक पुरती जमल्यावरच कलोडियन ओतण्याचा नियम. डार्करूम धाब्याच्या घरातील मधल्या खोलीत हलवल्याचाही उपयोग झाला. होल्डरबाबत माझे मत आता ठाम आहे: बाहेरून मागवलेल्या होल्डरच्या धातूच्या कोपऱ्यांशी सिल्व्हर नायट्रेटचा संबंध येऊन काच डागाळत असे, गावातील सुताराने सागवानात करून दिलेला होल्डर त्याहून कितीतरी उजवा आहे.

६ सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये मुले हलली नाहीत, कारण हातांना वाद्यांचा आधार होता. कलोडियनला निळा प्रकाश भावतो आणि तांबडा जवळजवळ दिसतच नाही, म्हणून पुतणीचा निळा परकर पांढुरका, तर पेटीचे तांबूस लाकूड काळे आले आहे. त्या काळ्यावर तिची बोटे नखांसकट मोजता येतात. हे पाहून फार समाधान वाटले.

आता उरले ते डावे-उजवे. ॲम्ब्रोटाइपमध्ये बाजू उलटतात, त्यामुळे भाचा डावखुरा तबलजी दिसतो. कागदावर छापताना बाजू पुन्हा सुलटतात, म्हणून काचेची निगेटिव्ह करून ती फ्रेंच छायाचित्रकार ब्लांकार-एव्हरार यांच्या १८५० च्या पद्धतीने अल्ब्युमेन कागदावर (अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर) छापण्याचे ठरवले होते. परंतु निगेटिव्हला एक्स्पोजर अधिक लागते आणि लहान मूल तेवढा वेळ बसणे कठीण. हे लिहीत असतानाच सुचले की, मुलांना प्रत्यक्ष वाजवायचे नसल्यामुळे तबला-डग्ग्याची अदलाबदल करावी आणि पुतणीने डावा हात पट्ट्यांवर व उजवा भात्यावर ठेवावा, म्हणजे काचेवर सारे सुलटे येईल. निगेटिव्ह तूर्त बाजूला ठेवतो. भाच्याच्या सदऱ्याच्या गुंड्या तेवढ्या उलट्या बाजूला दिसतील, त्यावर उपरणे घ्यावे लागेल.