पेठेतलं जुनं घर घेतलं, त्याची गोष्ट

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले तेव्हा फंडाचे पैसे हातात होते आणि गावाकडचा एक प्लॉट नुकताच विकला होता. बँकेत ठेवण्यापेक्षा शहरात जुनं घर घ्यावं, नीट करून भाड्यानं द्यावं, पुढेमागे विकावं, असं ठरवलं. २०२४ च्या जून-जुलैत घरं बघायला लागले. पाऊस लागलेला असताना बघायचा आग्रह माझाच. उन्हाळ्यात कोल्हापुरातलं कुठलंही घर चांगलंच दिसतं.

पहिलं घर शुक्रवार पेठेत, नदीकडच्या अंगाला. किंमत इतकी कमी की आमचे हे लगेच संचकार (इसार) द्यायला निघाले. आतला रंग नवा, पण कमरेच्या खाली एका छटेचा आणि वर दुसऱ्या. एजंट बोलत होता तोवर मी शेजारच्या आजींकडे पाणी मागायला गेले. त्यांनी न विचारताच स्वतःच्या भिंतीवर हात ठेवून दाखवलं, "एकोणिसाला हितवर आलतं बाई. एकवीसला परत." राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं, हे आपण सगळे जाणतो. घर घेताना मात्र माणूस तेच विसरतो. त्या घरात राहणाऱ्या भाडेकरूला दर पावसाळ्यात ट्रंका माळ्यावर चढवायला लावणं माझ्या मनाला पटलं नाही. ते सोडलं.

दुसरं मंगळवार पेठेत मिळालं. खाली भेंड्यांच्या, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांच्या भिंती, वर नंतर चढवलेला स्लॅबचा मजला. पुराचं भय नाही, पण कागद अडले. प्रॉपर्टी कार्डावर चार नावं, त्यातले दोघे वारलेले. विकणारा भाऊ म्हणत होता, "बहिणीचं काय, ती लग्न होऊन निपाणीला गेलीय." वडिलोपार्जित घरात बहिणीचा वाटा भावाइतकाच असतो, हे मी वर्गात मुलींना सांगत आले होते. वकिलांनी घराच्या मालकीचा तीस वर्षांचा सर्च काढला, वारसनोंदी करून घेतल्या. मी स्वतः दोनदा निपाणीला जाऊन आले. त्या बाईंना हक्कसोडपत्र करायचं नव्हतं, त्यांना वाटा हवा होता, आणि तो रास्तच होता. शेवटी खरेदीखतावर त्यांची सही आली, त्यांच्या हिश्श्याचा धनादेश त्यांच्याच नावानं निघाला. यात चार महिने गेले. व्यवहार ४२ लाखांना ठरला. घर बाईच्या, म्हणजे माझ्या नावावर घेतलं म्हणून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळाली.

दुरुस्तीला सहा लाख धरले होते, पावणेनऊ लागले. सगळा घोळ खालच्या भिंतींचा. आधीच्या मालकांनी ओल झाकायला मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारून त्यावर तीन फूट टाइल्स लावल्या होत्या. जमिनीतली ओल आत कोंडली आणि टाइल्सच्या वर चढत गेली. माझ्या डोक्याइतक्या उंचीवर पोपडे निघत होते. मी म्हटलं, वॉटरप्रूफिंग करून टाकू. गवंडी वयस्कर होते. त्यांनी सळईनं एक टाइल उचकटली, मागची माती चिमटीत धरून माझ्या हातावर ठेवली. चिखलच होता. "वैनी, मातीच्या भिताडाला सिमिट चालत न्हाई. आतलं पाणी भायेर यायला वाट पायजे."

मग सगळं खरवडून काढलं. मार्च ते मे भिंती उघड्या ठेवल्या. भाडं नाही, काम नाही, रोज जाऊन खिडक्या उघडायच्या आणि संध्याकाळी लावायच्या. ते तीन महिने फार जड गेले. पण मेअखेर तीच माती बोटानं चोळली तर भुकटी झाली. त्यावर चुन्याचा गिलावा, चुन्याचाच रंग. भिंतीलगतची फरशी काढून पावसाचं पाणी बाहेर पडेल असा उतार दिला. गच्चीचा कोबा नव्यानं करून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं, मगच खालच्या छताला रंग लावला. वायरिंग आणि अर्थिंग पूर्ण नवीन. तिथं काटकसर करायचीच नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये सीपीआर हॉस्पिटलसमोर उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि पेठेत वकिलांची जागेसाठी धावपळ दिसू लागली. वरचा मजला एका तरुण वकिलानं घेतला, खाली एक नर्सताई आणि त्यांची आई. दोन्ही करार अकरा महिन्यांचे, नोंदणी करून.

मिळून भाडं अठरा हजार. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दुरुस्ती असा सगळा खर्च धरून घर ५३ लाख १५ हजारांना पडलंय. घरफाळा, किरकोळ दुरुस्ती आणि वर्षात एखादा रिकामा महिना वजा केला तर हातात साडेतीन टक्केही येत नाहीत. नुसत्या भाड्यासाठी कुणी असं घर घेऊ नये, हे मी माझ्या भावालाही स्पष्ट सांगितलं. आमचे हे म्हणतात, दोन वर्षं भरली की विकू, म्हणजे नफ्यावर दीर्घ मुदतीचा, कमी दराचा कर बसेल. माझं अजून ठरत नाही. मागच्या रविवारी गेले तेव्हा नर्सताईंच्या आई त्याच भिंतीला पाठ टेकून गहू निवडत बसल्या होत्या.